पांढरं दिसतंय ते बुरशी नसेलही, आधी जवळून फोटो काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिथॉप्सचं, म्हणजे खड्यासारख्या दिसणाऱ्या त्या रसाळ झाडाचं, बी पेरून नऊ दिवस झाले, मातीवर पांढरी लव दिसते, ती बुरशी की कोंब ते कळत नाही. फोटो काढायला जावं तर खडे स्पष्ट येतात आणि रोपं धूसर.

पहिली गोष्ट म्हणजे कुंडी फेकू नका. मी फेकली होती.

माझ्या पहिल्या पेरणीत आठव्या दिवशी अशीच कापसासारखी लव दिसली. घाबरून दोनदा बुरशीनाशक फवारलं, तरी ती हटेना, म्हणून सगळी माती ओतून टाकली. टाकण्याआधी आठवण म्हणून चार फोटो काढून ठेवले होते. बऱ्याच महिन्यांनी ते कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले, तर प्रत्येक पांढऱ्या पुंजक्याच्या डोक्यावर एक हिरवट, गुबगुबीत थेंब होता. ती बुरशी नव्हती, मूलरोम होते, म्हणजे मुळावरचे बारीक केस. हे बी मातीच्या वरच रुजतं. मूळ आत शिरण्याआधी थोडा वेळ उघड्यावर असतं, आणि झाकणाखालच्या दमट हवेत त्याचे केस बाहेरच फुटतात. म्हणजे माझी रोपं उत्तम रुजली होती आणि मी त्यांच्यावरच औषध मारत होते.

फरक ओळखणं सोपं आहे, पण त्यासाठी जवळून पाहावं लागतं. मूलरोम आखूड असतात, साधारण एकाच लांबीचे, आणि रोपाच्या बुडाशी गळपट्ट्यासारखे बसलेले असतात. शेजारच्या खड्याला ते फार तर चिकटतात, त्याच्यावरून पुढे जात नाहीत. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी या खड्यावरून त्या खड्यावर पसरते, रोप असो वा नसो. न रुजलेल्या बीवर किंवा टरफलावर ती आधी धरते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखंच पांढरं दिसतं, म्हणून मी आता पेरणीच्या दिवसापासून फोटो काढते. चांगले आले तर आनंदच, पण खरा उपयोग तपासणीचा.

पेरणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दोन-चार गोष्टी सांगते, कारण फोटोची निम्मी अडचण तिथेच तयार होते. लिथॉप्सचं बी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, छापील पूर्णविरामाएवढं. ते पुरायचं नाही, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं. मिश्रणात खडीचा भाग जास्त, कोकोपीट कमी, आणि सगळं चाळून, गरम करून निर्जंतुक केलेलं. पाणी वरून ओतलं तर बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. त्यापेक्षा कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी आणि वरची माती गडद झाली की उचलावी. वर पारदर्शक झाकण, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही, तापमान २० ते २८ अंशांच्या आसपास. बहुतेक रुजली की झाकण एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडं जास्त उघडत जा.

आणि कुंडी काठोकाठ भरा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माती काठाच्या दोन बोटं खाली असली की फोटो फक्त वरून काढता येतो, आणि वरून लिथॉप्सचं रोप म्हणजे नुसता हिरवा ठिपका. त्याचं खरं रूप बाजूने दिसतं: दोन बीजपत्रं एकमेकांना जोडून झालेला इवलासा शंकू आणि माथ्यावर बारीकशी चीर. काही महिन्यांनी त्याच चिरेतून पानांची पहिली जोडी वर येते आणि जुना शंकू सुकून कागदासारखा तिच्याभोवती उरतो.

आता खडे का स्पष्ट येतात त्याकडे वळू. मोबाइलला काय महत्त्वाचं आहे ते कळत नाही. त्याला कडा लख्ख दिसल्या की तो तिथे फोकस करतो, आणि रोपापेक्षा खड्याची कड जास्त लख्ख असते. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो मोड वाइड लेन्स वापरतो. त्यासाठी फोन दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो आणि त्याचीच सावली रोपावर पडते. मला साधी क्लिपवाली मॅक्रो लेन्स मुख्य कॅमेऱ्यावर लावलेली जास्त आवडते. फोकस बोटाने दाबून कायम करायचा, मग फोन पुढे-मागे न करता कुंडी सरकवायची. एका जाड पुस्तकावर कुंडी ठेवून पुस्तक केसभर ढकललं की काम होतं. दोन सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबल्याचा धक्कासुद्धा इथे भूकंप ठरतो. पंखा बंद.

मोठा कॅमेरा असेल तर मॅक्रो लेन्सवर १:१ असं लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. दोन मिलिमीटरच्या रोपाची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात जिथे फोटो उमटतो तिथे, दोन मिलिमीटरचीच पडते. फुल फ्रेम म्हणतात तो मोठा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे महागडी लेन्स घेऊनही रोप फ्रेमच्या रुंदीच्या अठराव्या भागात मावतं. बाकी सगळी माती! त्यामुळे आणखी जवळ जावंसं वाटतं. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे ५० मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या तरी १:१ मिळतं. त्यापुढे जायचं तर लेन्स उलटी लावणारेही आहेत.

पण जवळ जाल तसा फोकसचा पट्टा पातळ होत जातो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ/८ वर असेल (आकडा मोठा तितकं भोक लहान) तर १:१ ला तो साधारण एक मिलिमीटर असतो, दुप्पट मोठं केलं तर एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. मग वाटतं, अ‍ॅपर्चर एफ/२२ करू. करून पाहा, सगळंच दुधाळ येतं. १:१ ला एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं, तेव्हा एफ/२२ म्हणजे एफ/४४ होतं, आणि इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरून तपशील पुसला जातो. त्यापेक्षा एफ/५.६ किंवा एफ/८ वर राहून कुंडी थोडी थोडी सरकवत आठ-दहा फोटो काढायचे आणि फोकस स्टॅकिंगच्या, म्हणजे प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग जोडणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. पाचव्या-सहाव्या प्रयत्नात जमतं. माझ्या पहिल्या स्टॅकमध्ये एका रोपाला दोन माथे आले होते, कारण मध्येच कुंडी तिरकी झाली होती.

प्रकाशाबाबत मी हट्टी आहे. ओली खडी आरशासारखी चमकते आणि थेट फ्लॅश मारला की फोटोभर पांढरे ठिपके पडतात. खिडकीचा उजेड आणि मध्ये ट्रेसिंग पेपर, समोरच्या बाजूला पांढरा कागद टेकवलेला, एवढं पुरतं. झाकण फोटोआधी दहा मिनिटं काढून ठेवा, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. अपवाद डेलोस्पर्माचा, हे लिथॉप्सच्याच कुळातलं रसाळ झाड. त्याच्या रोपांच्या अंगावर पाण्याने भरलेल्या फुगीर पेशी असतात, साखर भुरभुरल्यासारख्या. तिथे मी ट्रेसिंग पेपर काढून बाजूने तिरपा उजेड येऊ देते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवण्याची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. उजेड जास्त झाला की रोपं लालसर होतात, कमी पडला की मान लांब करून वाकतात. मान फोटोत दिसते, पण लाली ऑटो व्हाइट बॅलन्स परस्पर झाकून टाकतो. आणि दरवेळी तेच रोप सापडावं म्हणून त्याच्याजवळ एखादा वेगळ्या रंगाचा खडा ठेवा. ही चेष्टा नाही. इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम बर्चेल यांनी १८११ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिस्काजवळ विचित्र आकाराचा गारगोटा म्हणून जे उचललं ते लिथॉप्स निघालं, आणि ते पूर्ण वाढलेलं होतं. तुमचं तर पूर्णविरामाएवढं आहे.

एक अवांतर: ऑनलाइन निळ्याशार किंवा इंद्रधनुषी लिथॉप्सचं बी दिसलं तर ते फोटो रंगवलेले आहेत असं समजा. मी एकदा घेतलं होतं. महिनाभर कौतुकाने फोटो काढले ते गवताचे निघाले.

पुढे कधी स्वतःच्या झाडाची बोंडं मिळाली तर सुकलेल्या बोंडावर पाण्याचा एक थेंब टाका आणि कॅमेरा आधीच लावून ठेवा. काही मिनिटांत त्याच्या पाकळ्यांसारख्या झडपा उघडतात आणि सुकल्यावर पुन्हा मिटतात. निसर्गात पावसाच्या थेंबांनी त्यातल्या बिया उडतात. बी मिळवायचं तर मात्र दोन वेगवेगळी झाडं एकाच वेळी फुललेली हवीत, आणि पेरणीपासून फुलापर्यंत सहसा तीन वर्षं तरी जातात.

तूर्त तुमच्या कुंडीचं: आज संध्याकाळी फवारणी नको. उद्या सकाळच्या उजेडात शक्य तितक्या खालून, बाजूने फोटो घ्या आणि मोठा करून पाहा. पुंजक्यांवर हिरवे थेंब असले तर फक्त ओल टिकवा, कारण उघड्यावरचे मूलरोम तासा-दोन तासांतही सुकतात. मूळ वरच लोळत पडलं असेल तर ओल्या दातकोरणीच्या टोकाने शेजारी छोटा खळगा करून ते आत सरकवा. जाळं दिसलं तर तेवढा भाग चमच्याने उचलून काढा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. फोटो इथे टाकलात तर मीही बघेन.