हुरूप यायची वाट बघू नका

रोज लिहायचं ठरवलंत, आठ दिवस जमलं आणि नवव्या दिवशी मनच लागेना, असं तुम्ही म्हणता. अहो, हुरूप पाहुण्यासारखा असतो, तो जाणारच. त्यात तुमचा काही दोष नाही.

मीही बरीच वर्षं मूड लागायची वाट बघत बसायचो. मग एक साधी गोष्ट केली. रात्री झोपताना वही टेबलावर उघडी ठेवायची, पेनाचं टोपण काढून, आणि शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडायचं. सकाळी नजर त्या तुटक्या वाक्यावर पडते आणि हात आपोआप पेनाकडे जातो. कित्येकदा लिहायला लागल्यावर, चौथ्या-पाचव्या ओळीला हुरूप येतो. आधी काम, मग इच्छा. माझा तरी अनुभव असाच आहे.

एकवीस दिवसांत सवय लागते, यावर फार विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले. माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. मला सगळ्यात दिलासा वाटला तो पुढच्या निष्कर्षाने: एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही.

खरा घात होतो तो चुकल्यानंतर. 'आता काय, मोडलंच' म्हणून आपण अख्खा महिना सोडून देतो. तेवढं करू नका. आज दोन पानं राहू द्या, दोनच ओळी लिहा, आणि दुसरी अर्धवट सोडा.