४५ अंशांच्या उन्हात घरच्या वाफ्यात कोणत्या पालेभाज्या येतात, आणि कशा लावायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: जळगावात घरामागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे, माती काळी, पाणी बोअरचं. मार्चअखेर लावलेला पालक दांड्यावर गेला, मेथी पिवळी पडली, कोथिंबीर उगवलीच नाही. मग एप्रिल ते जून घरची पालेभाजी मिळेल का?

मिळेल, पण भाज्या बदलाव्या लागतील. पालक, मेथी, कोथिंबीर ही थंडीची पिकं. दिवस मोठा झाला आणि ऊन तापलं की पालक फुलोऱ्याचा दांडा काढतो. मग पाणी घाला, खत घाला, तो काही पानांकडे परत फिरत नाही. अंबाडी आणि मायाळूचं याच्या उलट. दिवस लहान व्हायला लागले की त्या फुलतात, म्हणून मे-जूनच्या लांब दिवसांत नुसती पानं देत राहतात. आणि पोकळा, माठ, तांदुळजा, राजगिरा (नावं चार, कूळ एकच) यांना तर ऊन हवंच असतं. ज्वारी-मक्यासारखीच यांची पानं कडक उन्हात, कमी पाण्यात अन्न तयार करतात.

एकच भाजी लावायची असेल तर पोकळा लावा. गावठी बी चालतं. बाजारातलं घ्यायचं तर उन्हाळ्यासाठी 'पुसा कीर्ती', पावसाळ्यासाठी 'पुसा किरण', आणि पुन्हापुन्हा कापायला 'अर्का सुगुणा'. दुसरी अंबाडी, तिसरी मायाळू, चौथी घोळ. एवढ्या चार असल्या की आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) पाऊस पडेपर्यंत रोज काही ना काही हाताशी येतं.

जागेची मांडणी सोपी आहे. बारा फुटांच्या बाजूला तीन-तीन फूट रुंदीचे तीन वाफे, मध्ये दीड-दीड फुटाच्या दोन वाटा. वाफ्याची लांबी सहा फूट ठेवली की चार फुटांची पट्टी उरते, ती मायाळूच्या मांडवाला. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नका, मधलं तण काढायला आत पाय द्यावा लागतो आणि काळी माती तुडवली की विटेसारखी बसते. उन्हाळ्यात वाफा जमिनीपेक्षा तीन-चार बोटं खोलगट ठेवा, म्हणजे पाणी थांबतं. दर वाफ्याला सहा-सात किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड वरच्या वीतभर मातीत मिसळा. अर्धवट कुजलेलं खत उन्हाळ्यात मुळं भाजतं आणि हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आमंत्रण देतं.

आता खरी अडचण. मोठं झालेलं पोकळ्याचं रोप ४५ अंश सहज सोसतं. बहुतेकांचा वाफा बसतो तो पहिल्या आठवड्यात, वरच्या अर्ध्या इंचात. दुपारी दोनला उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. त्यात बी जेमतेम नखभर खोल. सकाळी पाणी दिलं, दुपारपर्यंत वर पापडी धरली, की खाली मोड आलेला असूनही तो वर फुटत नाही. लोक म्हणतात बी खोटं निघालं. पापडी नखाने उचलून बघा, खाली पांढरे, वाकडे झालेले मोड दिसतील.

म्हणून पेरणी अशी करा. आदल्या संध्याकाळी वाफा भरपूर भिजवा. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर, पाच-साडेपाचनंतर, वर हलका दाताळा फिरवा. पोकळ्याचं बी खसखशीएवढं, ग्रॅमला हजाराच्या वर दाणे. एका वाफ्याला तीन ग्रॅम, म्हणजे सपाट पाऊण चमचा, पुरे. ते चार मुठी कोरड्या बारीक रेतीत मिसळून आधी उभं, मग आडवं फेका, नाहीतर एका कोपऱ्यात जंगल आणि दुसऱ्या कोपऱ्यात टक्कल होतं. वर काळी माती ओढू नका. चाळलेलं शेणखत आणि रेती निम्मं-निम्मं करून अर्धा सेंटिमीटरचा थर द्या. हा थर पापडी धरत नाही. झारीने शिंपडा आणि ओलं बारदान अंथरा. बारदान दिवसातून तीनदा ओलं करायचं. वाफ्यात वेगळं पाणी सोडायची गरज नाही.

तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी बारदानाचा कोपरा उचलून पाहा. निम्मे मोड दिसले की त्याच संध्याकाळी बारदान काढा. एक दिवस उशीर झाला तर रोपं पिवळी, दोऱ्यासारखी लांब होतात आणि पुढच्या दुपारी झोपतात. सकाळी काढलं तरी तेच होतं, कारण कोवळ्या मोडांना एकदम दुपार भेटते. मुंग्या बी ओढून नेत असतील तर वाफ्याच्या कडेने चुलीची कोरडी राख टाका. राख भिजली की उपयोग संपतो, पुन्हा टाकावी लागते.

पाण्याचा हिशोब अंदाजाने करू नका. मे महिन्यात इकडच्या उघड्या वाफ्यातून दिवसाला आठ-नऊ मिलिमीटर पाणी उडतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तुमचा तीन बाय सहाचा वाफा सुमारे पावणेदोन चौरस मीटरचा, म्हणजे रोज साधारण १५ लिटर: एक बादली. त्यातलं दोन तृतीयांश सकाळी आठच्या आत, उरलेलं सूर्यास्ताला. आच्छादन असेल तर दहा लिटरात भागतं. आच्छादनाला आपल्याकडे केळीच्या वाळल्या पानांसारखं दुसरं काही नाही. शिरा काढून वीत-वीत तुकडे करा, रोपं चार बोटांची झाली की ओळींमध्ये दोन इंच पसरा. त्याआधी पसरलं तर रोपं गुदमरतात.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळी लावली असेल तर आधी नळीतलं तापलेलं पाणी बाजूला सोडा. संध्याकाळी सहालाही पहिली बादलीभर पाणी हाताला चटका देतं. पानं भाजायला तेवढं पुरतं. बोअरचं पाणी जड असेल तर वाफ्यावर पांढरा थर येतो. तसा दिसला की एकदा दुप्पट पाणी देऊन क्षार खाली ढकला. रोजच्या पाच-पाच लिटर शिंतोड्यांनी क्षार वरच साठतो. पोकळा आणि पालक खारं पाणी बऱ्यापैकी सोसतात, मेथी-कोथिंबीर नाही. फिल्टरचं वाया जाणारं पाणी त्याच एका वाफ्याला महिनोन्‌महिने घालू नका.

हिरव्या जाळीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पोकळा, अंबाडी, घोळ यांना ५० टक्क्यांची जाळी नकोच. सावलीत ती लांबोडकी, पातळ पानांची होतात, चवही उतरते. पश्चिमेकडून दुपारी तीननंतरचं ऊन अडवलं तरी पुष्कळ. तुऱ्हाट्या किंवा पऱ्हाट्यांचा (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) चार-पाच फुटी कूड उभा करा. ऊन अडतं आणि झळाही अडते, शिवाय फुकट. मायाळूच्या कोवळ्या कलमांना किंवा कोथिंबिरीला जाळी लावायचीच असेल तर डोक्याच्या वर, साडेसहा-सात फुटांवर, बाजू उघड्या ठेवून. कंबरेएवढ्या उंचीवर ताणलेल्या जाळीखाली हवा कोंडते. आणि बांबूला पक्की बांधा. मेअखेरच्या ज्या वादळाने केळी आडव्या होतात, त्यात सैल जाळी भाजी मुळासकट घेऊन जाते.

बाराव्या-पंधराव्या दिवशी दाट रोपं उपटून विरळणी करा, चार बोटांवर एक रोप ठेवा. उपटलेली टाकू नका, लसूण-मिरचीवर परतायला तीच सगळ्यात कोवळी. पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवशी झाड वीतभर झालं की जमिनीपासून तीन बोटं ठेवून, खाली दोन-तीन डोळे राहतील असं कापा. कापल्यावर १० ग्रॅम युरिया एका बादलीत विरघळवून वाफ्याला द्या, किंवा एक लिटर जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं) दहा लिटर पाण्यात, फक्त मुळाशी. पुढची कापणी दहा-बारा दिवसांनी. चार कापण्या निघतात. मधेच तुरे दिसू लागले तर बहुधा दोन-तीन दिवस पाणी चुकलेलं असतं. तुरे खुडून चालवता येतं, पण एकदा खोड टणक झालं की वाफा मोडा. म्हणूनच तिन्ही वाफे एकाच दिवशी पेरू नका, पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

अंबाडीला वाफ्याला दहा ग्रॅम बी, वीतभर अंतराच्या ओळीत, एक सेंटिमीटर खोल. महिन्याने शेंडे खुडा, फांद्या फुटतात. एक लक्षात ठेवा: ती कपाशीच्या कुळातली. शेजारी कपाशी किंवा भेंडी असेल तर पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी तिथून येतेच. पहिली पांढरी पुंजकी दिसताच फांदी कापून पिशवीत घालून बाहेर टाका. निंबोळ्यांची पावडर ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा. चार दिवस ती पानं काढू नका. कपाशीसाठी आणलेल्या औषधाची उरलेली बाटली भाजीवर कधीच वापरू नका. ती औषधं पानाच्या आत शिरतात, धुऊन जात नाहीत. पोकळ्यावर कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानावर पिवळसर ठिपके पडतात. त्याला पानाच्या खालून सकाळी जोरात पाण्याची धार बहुतेकदा पुरते.

मायाळूचं बी दोन-तीन आठवडे घेतं, त्यापेक्षा कलम बरं. पेन्सिलीएवढ्या जाड वेलीचा वीतभर तुकडा, दोन डोळे मातीत, एक वर. पहिले दहा-बारा दिवस सावलीत. दोन कलमांच्या मध्ये चार-पाच लिटरचं न रंगवलेलं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाकण ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी भरायचं. मुळं मडक्याला येऊन बिलगतात.

घोळ बाजारातून आणलेल्या जुडीच्याच चार बोटं शेंड्यांतून लागते, आठवड्यात मुळं धरते. ती वाफ्यात नको, वेगळ्या टबात. बी सांडलं की सगळीकडे तीच. तोडल्यावर दुधासारखा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाचं तण, टाकून द्या. पाणी कमी पडलेली घोळ पहाटे जास्त आंबट लागते, संध्याकाळी कमी, कारण रात्री पानात साठलेलं आम्ल दिवसभरात खर्च होतं. कशी आवडते त्यावर खुडायची वेळ ठरवा. बाकी सगळ्या भाज्या मात्र सकाळी आठच्या आत काढून ओल्या फडक्यात गुंडाळा. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पोकळा, मायाळू आणि घोळ बेताने, उकळून पाणी टाकून खावी.

आणि कोथिंबिरीचा हट्टच असेल तर धणे हलके रगडून दोन फाका करा, बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात मडक्याच्या आडोशाला मोड दिसेपर्यंत ठेवा, मग भिंतीच्या पूर्वेकडे, तिच्या लगत, जाळीखाली लावा. बोटभर झाली की उपटून वापरा, जुडी होण्याची वाट पाहू नका. मेथीही तशीच दाट पेरून पंधरा-अठरा दिवसांत संपवायची.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की खोलगट वाफे मोडून वीतभर उंच गादीवाफे करा. काळ्या मातीत पाणी साचलं तर पोकळा दोन दिवसांत मुळाशी सडतो, आणि दमट हवेत पानाखाली पांढरे फोड येतात. तशी पानं दिसतील तेवढी लगेच काढून टाका. अंबाडीची चार झाडं तेवढी कडेला राहू द्या, दिवाळीच्या सुमारास बोंडं येतील.