उरवाईचा चढ चढण्याआधी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघून पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याकडे सायकल वळवू नकोस. काही आठवडे सपाट रस्त्यावर पाय तयार होऊ देत. त्याआधी सीट बघ: पॅडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकायला हवा. बहुतेक नवखे सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. चढ सुरू व्हायच्या आधीच हलक्या गियरवर ये. चढावर जोर लावत गियर बदललास तर चेन उतरू शकते. दम लागला तर खुशाल उतर, कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती बघ. माझ्या मते किल्ल्याचा हाच भाग सर्वांत सुंदर आहे. उतारावर मात्र दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाब, एकटा पुढचा कधीच नको. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पहाटेच नीघ.