पट्टी निगेटिव्ह, यंत्र पॉझिटिव्ह

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या सासूबाईंना ताप-खोकला झाला, तेव्हा नाकातील स्वॅबची पट्टीवरची चाचणी निगेटिव्ह आली, त्याच दिवशी यंत्रावरच्या चाचणीत मात्र तासाभरात ‘इन्फ्लुएंझा ए’ (फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार) पॉझिटिव्ह निघाला. खरे कोणते मानावे? बऱ्या झाल्यावर पुन्हा तपासावे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : यंत्रावरचे खरे मानावे. पट्टी विषाणूचे प्रथिन ओळखते आणि ते नमुन्यात पुरेसे असेल तरच रेघ उमटते, म्हणून तिच्या निगेटिव्ह अहवालावर विसंबणे धोक्याचे. यंत्र वापरते त्या आरटी-पीसीआर पद्धतीत विषाणूच्या आरएनएपासून (त्याच्या जनुकीय द्रव्यापासून) आधी डीएनए तयार करून त्याचा ठरावीक तुकडा प्रत्येक आवर्तनात दुप्पट केला जातो, त्यामुळे ३० आवर्तनांत, निदान कागदोपत्री, एकाचे १०० कोटींहून अधिक तुकडे होतात. यंत्रात बसवायच्या बंद कार्ट्रिजमध्ये (छोट्या डबीत) ही सारी कामे आपोआप होत असल्याने वेळ वाचतो. अर्थात स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून काढला असेल, तर महागडे यंत्रही हतबल ठरते.

या घाईला अर्थ आहे तो उपचारामुळे : ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, आणि वयस्कर रुग्णाबाबत संशय दाट असेल तर अहवालासाठीही थांबू नये. बऱ्या झाल्यावर केवळ खात्रीसाठी पुन्हा चाचणी नको. निष्क्रिय विषाणूचे अवशेषही पॉझिटिव्ह दिसू शकतात. उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा धाप लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.