‘पाहून समाधान झाले’ असे लिहून देण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डोंबिवलीत १९९३ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरची सदनिका आम्ही घेण्याच्या विचारात आहोत. घराला नुकताच रंग दिला आहे, दिवाणखान्यात व स्वयंपाकघरात फॉल्स सीलिंग आहे आणि घर आम्हा दोघांनाही पाहताक्षणी आवडले. कर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकार येऊन घर पाहणारच आहे. तरीही एखाद्या अभियंत्याकडून वेगळी तपासणी करून घ्यावी, असा मुलीचा आग्रह आहे. त्यामुळे घरमालक दुखावतील आणि सौदा हातचा जाईल, असे मध्यस्थ म्हणतो. आम्ही काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलीचे ऐकावे. घर विकत घेताना आपण ज्या साठेखतावर सही करतो, त्यात बहुतेक वेळा ‘खरेदीदाराने सदर सदनिका प्रत्यक्ष पाहून तिच्या स्थितीबाबत आपले समाधान करून घेतले आहे’ अशा अर्थाचे एक कलम असते. तपासणी केली असो वा नसो, ती केली असल्याचे आपण लिहून देतोच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळू न शकणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे. मात्र या तरतुदीतील ‘साधारण काळजी’ खरेदीदाराने घ्यायची असते आणि करारात वेगळे काही ठरले असेल तर ही तरतूद त्याला अधीन राहते. पुढे गळती निघाली तर हे समाधानाचे कलमच आपल्यासमोर धरले जाते.

बँकेच्या मूल्यांकनकारावर विसंबू नये, कारण त्याचे काम निराळे आहे. दिलेले कर्ज त्या मालमत्तेच्या किमतीतून वसूल होऊ शकेल का, एवढेच तो बँकेसाठी पाहतो. नाहणीतून खालच्या घरात पाणी झिरपते का, हे पाहण्याची अपेक्षा त्याच्याकडून नसते आणि त्याचा अहवाल अनेकदा ग्राहकाच्या हातीही पडत नाही.

आपल्या वर्णनातील तीन गोष्टींकडे मी विशेष लक्ष वेधीन : वरचा मजला, ताजा रंग आणि फॉल्स सीलिंग. यांपैकी एकही गोष्ट दोषाचा पुरावा नाही, पण तिन्ही एकत्र आल्या की आढ्याकडे पाहिलेच पाहिजे. पुण्यातील एका जुन्या इमारतीतले असेच सजवलेले घर माझ्या परिचयातील कुटुंबाने हौसेने घेतले. पहिल्याच पावसात छतातल्या दिव्याच्या भोकातून थेंब पडू लागले. फॉल्स सीलिंगचा एक पत्रा उतरवला तेव्हा स्लॅबचा गिलावा हातभर सुटलेला आणि आतल्या सळया गंजून पापुद्र्यासारख्या फुगलेल्या दिसल्या. हे नुकसान एका पावसाळ्यात झालेले नव्हते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये शिरत राहतो, त्यामुळे सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कमी होतो, त्यातच ओल पोचली की सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे बाहेरचे काँक्रीट आतून ढकलले जाऊन फुटते. वरून रंग दिला की भेग दिसेनाशी होते, पण गंजण्याची क्रिया चालूच राहते.

म्हणून महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आपला आपण निवडावा, मध्यस्थाने सुचवलेला नको, आणि त्याचे शुल्कही आपणच द्यावे. फॉल्स सीलिंगचा निदान एक तुकडा किंवा दिव्याची खाच उघडण्याची परवानगी विक्रेत्याकडे मागावी. इंजिनिअरसोबत स्वतः गच्चीवर जावे. ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गच्चीवर पाणी अडवण्यासाठी घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, तडे आहेत का, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेला शेवाळ साचले आहे का, पावसाच्या पाइपाचे तोंड मोकळे आहे का, हे साध्या डोळ्यांनीही कळते. संशय आला तर रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा आणि ध्वनिलहरींच्या वेगावरून आतली पोकळी अजमावता येते. फिनॉल्फ्थेलिन या रसायनाचा प्रयोग तर डोळ्यांसमोर होतो : ताज्या फोडलेल्या भागावर थेंब टाकले आणि रंग गुलाबी झाला तर काँक्रीटचा अल्कधर्मीपणा टिकून आहे, रंग आलाच नाही तर तो गेलेला आहे. नाहणीतले पाणी तुंबवून एक दिवस ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांकडे जाऊन त्यांचे छत पाहावे. ते शेजारी सहसा हातचे काही राखत नाहीत, आणि मध्यस्थापेक्षा त्यांच्याकडूनच अधिक कळते.

शक्य असेल तर पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी. उन्हाळ्यात सगळीच घरे कोरडी असतात.

घराइतकीच इमारतही पाहावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी व्हायला हवे. आपली इमारत दुसऱ्या गटात मोडते. शेवटच्या परीक्षणाचा अहवाल संस्थेच्या सचिवांकडे मागावा आणि त्यात सुचवलेली दुरुस्ती झाली की कपाटातच राहिली, हे विचारावे. गच्चीची गळती काढणे हे संस्थेचे काम असले, तरी त्याची वर्गणी सभासदांच्याच खिशातून जाते. मोठ्या दुरुस्तीचा ठराव आधीच झाला असेल, तर तो खर्च कोणी सोसायचा हे साठेखतातच लिहून घ्यावे.

घरमालक दुखावतील, या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणेन की होकायंत्र घेऊन आलेल्या वास्तुतज्ज्ञाने स्वयंपाकघराची दिशा तपासली तर कोणी दुखावत नाही, मग हातोडी घेऊन आलेल्या इंजिनिअरने का दुखवावे? विसार देण्यापूर्वी, किंवा दिलाच तर ‘तपासणी समाधानकारक न आढळल्यास विसार परत’ असे पावतीवर लिहून घेऊन, ही पाहणी उरकावी. दोष निघाला म्हणून घर सोडलेच पाहिजे असेही नाही. दुरुस्तीचा अंदाज हातात असला की किमतीवर बोलता येते.

प्रश्न : नव्या प्रकल्पातील सदनिकेचा ताबा आम्हाला पुढच्या महिन्यात मिळणार आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले आहे. नव्या घराचीही तपासणी करावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करावी, पण तिचा हेतू वेगळा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणजे आपल्याला हवी आहे ती दोषांची तारीखवार नोंद. ताब्याच्या दिवशी बादलीभर पाणी नाहणीत ओतून ते जाळीकडे वाहते की दाराकडे, हे पाहावे. नाण्याने टाइल्सवर टकटक करून पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने खूण करावी आणि प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. चटईक्षेत्र स्वतः मोजावे. त्यात आतल्या भिंती धरल्या जातात, मात्र बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. सापडलेल्या त्रुटी छायाचित्रांसह पत्राने कळवाव्यात आणि त्या पत्राची पोच घेतल्याशिवाय ताबा पावतीवर ‘कोणतीही तक्रार नाही’ या ओळीखाली सही करू नये.