आधी तंबोरा लाव

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री पावणेबाराला आला होता, मी तो सकाळी वाचला. तीनदा वाचला. फोनवर बोटं चालवून उत्तर देण्यासारखा तो नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर आता थोडं हलतं, सांभाळून घे.

गुरुपौर्णिमेला काय झालं ते मी तिसऱ्या रांगेत बसून पाहिलं आहे. बायकी तंबोऱ्यांच्या जोडीतल्या एकाची तार तुटलेली, दुसरा तुझ्या आधीच्या काळी पाचच्या मुलीसाठी चढवलेला. तू काळी चारची, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरणारी, तिच्याहून एक सूर खाली. उतरवायला वेळ हवा होता, सूत्रसंचालकाला घाई होती, म्हणून कुणीतरी फोनवरचा तानपुरा सुरू केला आणि फोन माइकशेजारी ठेवला. तू मियाँ मल्हार सुरू केलास. चौथ्या आवर्तनात त्या फोनवर कुणाचा तरी फोन आला आणि मागचा सूर बंद पडला. तो परत सुरू होईपर्यंत तू जरा खाली आली होतीस, आणि मग शेवटपर्यंत तुझा सा तुला सापडला नाही. घरी जाऊन तू रडलीस. आणि मला विचारतेस, बारा वर्षं शिकून, विशारदच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवूनही मला गाता येतं का? गाणं सोडू का? त्यापुढच्या अलंकारच्या परीक्षेला बसू का? की पुण्याला ललित कला केंद्रात जाऊ, की हुबळीच्या गंगूबाई हनगल गुरुकुलात, की कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत?

गाणं सोडू नकोस असं मी लिहिणार नाही. तू सोडणार नाहीस हे तुलाही माहीत आहे. सोडणारी माणसं रात्री पावणेबाराला विचारत बसत नाहीत. तिन्ही जागा चांगल्या आहेत, तिथे शिकून खरे गवई झालेले आहेत. त्यातली कुठली निवड हे मी सांगणार नाही, कारण तुझा प्रश्न तो नाहीच.

तू मला सांग, त्या दिवशी तंबोरा तू स्वतः का उतरवला नाहीस?

वेळ नव्हता म्हणू नकोस. चार तारा एका सुराने खाली आणायला हात बसलेला असेल तर पाच मिनिटं लागतात. सूत्रसंचालक थांबला असता, लोक थांबले असते. मी तिसऱ्या रांगेतून त्यांना थांबवलं असतं. तू उतरवला नाहीस कारण तुला ते येत नाही. येतं म्हणजे परीक्षेपुरतं येतं. परीक्षकाने विचारलं तर तार ताणणारी खुंटी कुठे, सूर केसभर हलवणारा मणी कुठे, तारा टेकतात ती घोडी कुठे हे तू सांगशील. पण रिकाम्या खोलीत चार ढिल्या तारांचा तंबोरा घेऊन बसलीस आणि अर्ध्या तासात तो बोलायला लागला, असं तुझ्या हातून एकदाही झालेलं नाही. बारा वर्षांत तू माझ्यासमोर कितीदा तरी गायलीस, पण जुळवताना मी तुला पाहिलेलं नाही. यात माझीही चूक आहे. तू माझ्याकडे आलीस तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती आणि वर्गात बावीस मुली होत्या. तुमचे तंबोरे मीच लावून ठेवत असे. ते मी करायला नको होतं.

माझ्याबाबतीत काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. माझ्या गुरूंकडे, बुवांकडे, शिकायला लागले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बुवांचे एक मोठे शिष्य होते, ते सगळ्यांचे तंबोरे लावायचे. मुलींनी खुंट्या पिळू नयेत, तार तुटून डोळ्यात जाते, असं घरात सगळे म्हणायचे. मीही तेच मानलं. नऊ वर्षं मला लावलेला तंबोरा हातात मिळाला. त्यातला सा मी घ्यायची आणि छान गायची. सगळे म्हणायचे, पोर सुरेल आहे. मी सुरेल नव्हते गं. ते शिष्य सुरेल होते.

विसाव्या वर्षी परगावी पहिली बैठक मिळाली. ते शिष्य येणार होते, पण त्यांची एसटी चुकली. यजमानांनी कुणाकडून तरी तंबोरा लावून ठेवला होता, पंचमावर. मी तयार केला होता मालकंस. मालकंसात पंचम नाही, पहिली तार मध्यमावर उतरवायची, हे मला वहीतून माहीत होतं. तंबोरा मांडीवर घेतला, खुंटी धरली, आणि माझा हात थरथरायला लागला. मध्यम कुठे थांबतो हे माझ्या कानाला कळेना. खाली गेला, वर आला, खुंटी सटकली, तार पार सैल पडली. समोर शंभरेक माणसं. शेवटी घाबरून मी ती तार जमेल तशी परत पंचमाजवळ नेऊन ठेवली आणि त्यावर मालकंस गायले. पाऊण तास मागे पंचम वाजतोय आणि मी मालकंस गातेय. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच मान खाली घातली ती वर केली नाही. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो.

म्हणून सांगते, आधी तंबोरा लाव. बाकी सगळं नंतर.

तू म्हणशील, ताई, ॲपमध्ये मध्यमही मिळतो, निषादही मिळतो, बटण दाबलं की झालं. हो, मिळतो. वसतिगृहात चार जणींच्या खोलीत पहाटे पाचला तंबोरा काढता येत नाही हेही मला कळतं. तिथे ॲप लाव, माझं काही म्हणणं नाही. पण त्या बटणात काय होतं ते बघ. सा कुठे आहे हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तुझ्या कानाला काही ठरवावं लागत नाही. तंबोरा लावताना मात्र प्रत्येक क्षणाला तुझा कान ठरवत असतो. चढा आहे का, उतरा आहे का, अजून किती, आता थांबू का. मधल्या जोडीच्या, एकाच सा च्या दोन तारा एकमेकींशी भांडत असतात. ती थरथर हळूहळू कमी होते, लांबते, आणि एका क्षणी थांबते. त्या दोन तारांची एकच तार होते. मणी केसभर सरकवायचा. मग घोडीवरचं सूत पुढेमागे करत जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला, घुमणारा नाद, उघडायची. यातल्या प्रत्येक ठिकाणी तुला निर्णय घ्यावा लागतो आणि तो चुकला तर ऐकू येतो. गाताना जे करायचं तेच आहे हे. त्या दिवशी फोन बंद पडल्यावर तुझ्या आत सा उरला नाही, कारण तो कधी तुझ्या कानाने ठरवलेलाच नव्हता.

आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेची गोष्ट. ती पितळी तार नीट लागली, जवारी नीट बोलली, की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो. कुणी वाजवत नाही, तरी येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तारेच्या मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा तो स्वर, म्हणून हार्मोनियमच्या पट्टीतल्या गंधारापेक्षा तो किंचित उतरा असतो. यमन, भूप या रागांतला गंधार कुठे ठेवायचा हे पुस्तकात शोधू नकोस, ती तार सांगते. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. त्या फजितीनंतर तीन वर्षं मी रोज सकाळी आधी खुंट्या सैल करायची आणि मग पहिल्यापासून लावायची. बुवा म्हणाले, खुळी झालीस का, लागलेला तंबोरा कशाला बिघडवतेस? मी ऐकलं नाही. पावसाळ्यातली सकाळ होती, खुंट्या फुगून घट्ट झालेल्या, बोटं सोललेली. आणि एकाएकी खोलीत तिसरंच कुणीतरी गायला लागलं. मी दार उघडून बाहेर बघितलं. कुणी नव्हतं.

हे सगळं मी सांगलीत बसून लिहितेय, आणि मिरज आहे इथून दहा किलोमीटरवर. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यं करायला सुरुवात केली आणि आज त्यांच्या पिढ्यांना सगळे सतारमेकर म्हणतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे येतात, ते वाळवून, कापून, त्यावर दांडी बसते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तू तेव्हा ती बातमी मला पाठवली होतीस, खाली टाळ्यांची चित्रं. पण त्या गल्लीत तू कधी गेलीस? कारागीर घोडीवरून कानस फिरवतो, थांबतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. एकदा जाऊन त्याच्याशेजारी दोन तास बस. काही विचारू नकोस, नुसती बस.

त्याच मिरजेत दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उरुसात चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, तिथे मी तुला नेलं होतं, आठवतं? खाँसाहेबांचे तंबोरे ऐकायलाच लोक बैठकीला लवकर यायचे, असं आमचे बुवा सांगत. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना बरं वाटेना, म्हणून सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहान स्टेशनावर ते उतरले. तिथे फलाटावर त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, दरबारीत प्रार्थना म्हटली आणि प्राण सोडला, असं सांगतात. जीव चाललेला असताना माणसाला लावलेला तंबोरा हवा होता. आणि तुला सूत्रसंचालकाने घाई केली म्हणून नको झाला!

रागावले, माफ कर. पण थोडं रागवायला हवंच.

एक मुलगा होता, तुझ्या आधीच्या तुकडीतला. तुला आठवणार नाही. तसा गळा मी पुन्हा ऐकला नाही. त्याच्या आईला त्याला टीव्हीवरच्या स्पर्धेत पाठवायचं होतं. मी म्हटलं, आधी त्याला तंबोरा लावता येऊ दे, तोवर नवा राग नाही. आठ महिने मी त्याला एकही बंदिश दिली नाही. तो रोज यायचा, खुंट्या पिळायचा, जायचा. नवव्या महिन्यात आला नाही. आई येऊन फी देऊन गेली आणि म्हणाली, तुम्ही माझ्या मुलाचं वर्ष वाया घालवलंत. इतर पालकही बोलले. संचालकांनी बोलावून सांगितलं की विद्यालय परीक्षांवर चालतं, निकाल लागले पाहिजेत. पुढे मुख्याध्यापकपद माझ्याहून कनिष्ठ शिक्षिकेला मिळालं ते का, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी चुकले का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. त्याला सोबत एखादी बंदिश दिली असती तर तो टिकला असता का? कदाचित. यमनची एक छोटी बंदिश देऊन काही बिघडलं नसतं, हे मी आज तुझ्यापुढे कबूल करते. पण मला भीती वाटायची पोरी. मला त्याच्या जागी मी दिसायची, परगावच्या त्या बैठकीत, हातात सटकलेली खुंटी धरून. तो मुलगा तसा बसू नये म्हणून मी आडमुठेपणा केला. परीक्षांच्या विरुद्ध मी कधीच नव्हते. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं नसतं, अभ्यासक्रम आखला नसता, तर माझ्यासारख्या कारकुनाच्या मुलीला गाणं कोण शिकवणार होतं? बुवांच्या घरी राहून पाणी भरणं मला शक्य होतं का? त्या माणसाचं माझ्यावर ऋण आहे. पण त्यांनीही उपदेशक वर्गातल्या, म्हणजे पुढे शिक्षक होणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं जवळ ठेवलं, तेव्हा त्यातून विनायकबुवा पटवर्धन आणि ओंकारनाथ ठाकूर यांच्यासारखे गवई तयार झाले. विद्यालय दार उघडतं. आत येऊन बसायचं, तारा लावायच्या, हे दाराने कसं करायचं?

तो मुलगा मागच्या वर्षी एका लग्नात भेटला. वाद्यवृंदात गातो, बरं चाललं आहे. पाया पडला. काही बोलला नाही, मीही बोलले नाही. घरी येऊन तंबोरा काढला आणि लावत बसले, दीड तास झाला तरी तो सुरात येत नव्हता.

तर अलंकारला बस. फॉर्म भर, त्यात काय विचारायचं? पुण्याला जायचं तर जा, हुबळीला जायचं तर जा. कुठेही गेलीस तरी पहिल्या दिवशी तिथल्या कोपऱ्यात गवसणीत, कापडी खोळीत, घातलेला एक तंबोरा असेल, ज्याला महिनोन्महिने कुणी हात लावलेला नसेल. तो काढ. गुरूने गा म्हणायच्या आधी तो लाव. तुझ्या आधी गाणाऱ्या मुलीचाही लाव, तिच्या मागे बसून साथ धर, तिचा सा तासभर आपल्या हातात सांभाळ. स्वतःच्या गाण्यापेक्षा दुसऱ्याच्या मागे बसून जास्त ऐकू येतं. पुढच्या गुरुपौर्णिमेला सगळ्या मुलींचे तंबोरे तू लाव, आणि काळी पाचची मुलगी झाल्यावर काळी चारवर उतरवायला पाच मिनिटं लागतील असं सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेव. मी पुन्हा तिसऱ्या रांगेत असेन.

फजितीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. लोक विसरतात. माझ्या मालकंसाचे ते गृहस्थ केव्हाच गेले.

२०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा भांडी, गाद्या सोडून मी आधी दोन्ही तंबोरे माळ्यावर चढवले होते. त्यातला जुना, बाबांनी मिरजेहून आणलेला, तू पाहिला आहेस. त्याची पितळी तार जुनी झाली आहे, नवी बसवायची आहे. रविवारी सकाळी साडेसहाला ये. येताना पांढऱ्या सुताचं एक रीळ आण, आणि खुंट्या सटकतात म्हणून खडूचे दोन तुकडे. फोन घरी ठेवून ये. मी शनिवारी रात्रीच चारही खुंट्या सैल करून ठेवते. मदत करणार नाही. स्वयंपाकघरात बसेन, तिथून सगळं ऐकू येतं. लागला की हाक मार, मग चहा टाकते.

तुझी,
ताई