सारंग, तांडेल आणि मांडवीवरची बार्ज

प्रश्न असा आहे : "माझे वडील गोव्यात मांडवी नदीवरच्या खनिजवाहू बार्जवर 'सारंग' होते. त्यांच्याविषयी कौटुंबिक स्मरणिकेत लिहीत असताना एका नातलगांनी सुचवले की 'सारंग' म्हणजे हरीण किंवा संगीतातला राग, त्यामुळे वाचकांचा गोंधळ होईल. त्याऐवजी 'कप्तान' लिहावे. आजोबांना मात्र आमच्या रत्नागिरीकडच्या गावात सगळे 'तांडेल' म्हणत. सारंग आणि तांडेल एकच का? आणि या सारंगाचा हरणाशी काही संबंध आहे का?"

हरणाशी संबंध नाही. हरीण, चातक, भुंगा असे अनेक अर्थ असलेला 'सारंग' संस्कृतातून आलेला आहे आणि बोटीवरचा सारंग फारसीतून. फारसीत 'सरहंग' म्हणजे तुकडीचा नायक. इराणच्या सैन्यात आजही कर्नलच्या हुद्द्याला हाच शब्द आहे. त्यातला 'सर' म्हणजे डोके, मुख्य, हा मराठीला चांगला परिचयाचा आहे, कारण सरदार, सरनौबत, सरलष्कर ही सगळी त्याचीच भावंडे. दर्यावर्दी संदर्भातच हवे असेल तर कान्होजी आंग्र्यांचा 'सरखेल', म्हणजे आरमारप्रमुख, हा किताब घ्यावा.

'सरहंग'चा 'सारंग' होणे आपल्या उच्चाराच्या सवयींना धरूनच आहे. शब्दाच्या मधला 'ह' बोलण्यात टिकत नाही. 'मेहेरबान'चा 'मेरबान' आणि 'तहान'ची 'तान' आपण रोज करतो. हा 'ह' गळाला आणि मागचा स्वर लांबला. बंगालीतही याच शब्दाचे 'सारेंग' झाले आहे, आणि मल्याळमने मात्र तो आवळून 'स्रांक' केला आहे. बंगाली आणि मल्याळम रूपे पाहताच हा बाहेरून आलेला शब्द असावा अशी शंका येते. मराठीत मात्र त्याच रूपाचा संस्कृत शब्द आधीच नांदत होता, त्यामुळे पाहुण्याचे परकेपण दिसेनासे झाले. आपल्या नातलगांचा गोंधळ यातूनच झालेला आहे आणि तो अगदी स्वाभाविक आहे.

आता तांडेल. हा शब्द मराठीप्रमाणेच तेलुगू आणि मल्याळममध्येही थोड्याफार फरकाने आढळतो, आणि माणसांच्या जमावाचा म्होरक्या असा त्याचा व्यापक अर्थ आहे. 'तांडा' या शब्दाशी त्याचे नाते अनेक जण जोडतात. अर्थ जवळचा आहे हे खरे, परंतु अर्थ जुळला एवढ्यावर व्युत्पत्ती मान्य करू नये असे माझे मत आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने व्युत्पत्तीपेक्षा हुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तो जहाजागणिक बदलतो. कोकण किनाऱ्यावरच्या शिडाच्या गलबतावर किंवा मासेमारीच्या बोटीवर तांडेल हाच मुख्य असतो : सुकाणू त्याच्या हाती, खडकांच्या आणि वाऱ्याच्या खुणा त्याच्या डोक्यात, जाळे कोठे टाकायचे तेही तोच ठरवणार. हाच माणूस मोठ्या आगबोटीवर गेला की तेथे सारंग हा डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुख्य आणि तांडेल त्याच्या हाताखालचा मुकादम. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर रत्नागिरीकडची माणसे मोठ्या संख्येने डेकवर काम करीत, आणि पुष्कळदा सारंगच आपल्या गावातून माणसे जमवून नेत असे. म्हणून आजोबा गावच्या बोटीवर 'तांडेल' असतील तर तेथे त्यांच्या वर कोणी नव्हते. आगबोटीवर 'तांडेल' असतील तर त्यांच्या वर सारंग होता. ते कोणत्या जहाजावर होते हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मगच लिहावे.

वडिलांची गोष्ट तिसरीच आहे, कारण ती नदीवरची आहे. १९१७ च्या 'इनलँड स्टीम व्हेसल्स' कायद्याने नद्या-खाड्यांतल्या यांत्रिक जहाजांसाठी जी प्रमाणपत्रे ठरवली, त्यांत पहिल्या वर्गाचा मास्टर, दुसऱ्या वर्गाचा मास्टर आणि त्यांच्याबरोबर 'सारंग' असा हुद्दा स्पष्टपणे दिलेला होता. इंग्रजीत लिहिलेल्या कायद्याला या हुद्द्यासाठी इंग्रजी शब्द सापडला नाही आणि त्याने बोटीवरचाच शब्द उचलला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. 'सारंग' हे लाडाने दिलेले नाव नव्हे, तर परीक्षा देऊन मिळवायचे पद होते.

हा शब्द मी स्वतः प्रथम ऐकला तो रायबंदरच्या धक्क्यावर. चोडणला जाणारी फेरीबोट पात्राच्या मध्यावर येऊन वेग कमी करी, कारण डिचोलीकडच्या खाणींचे लोहखनिज घेऊन वरून बार्ज येत असे. भरलेली बार्ज पाण्यात इतकी खोल बसलेली असे की काठ जेमतेम वर दिसत आणि लाल मातीचे दोन-तीन ढीगच नदीवरून सरकत चालले आहेत असे वाटे. मागच्या टोकाला उंच केबिन आणि तिच्या काचेआड एक माणूस. फेरीतला कोणीतरी म्हणे, "सारंग वळखीचो आसा," आणि काचेआडून एक हात वर होई. बार्ज गेल्यावर थोड्या वेळाने तिची लाट खारफुटीच्या मुळांत शिरत असे आणि चिखलातले खेकडे एकदम बिळांत पळत. रिकामी बार्ज परत येताना मात्र ओळखू येत नसे, एवढी ती उंच झालेली असे.

मुरगाव बंदरात किंवा बाहेर समुद्रात नांगरून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना हा माल पोचवणे सोपे नव्हते. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा तयार होऊन वाट धोक्याची होते, तेव्हा बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरत आणि तेथून मुरगाव गाठत. अरुंद कालवा, समोरून येणारी दुसरी बार्ज आणि भरती-ओहोटीचे गणित, हे सगळे सारंगाच्या हातात असे. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज निर्यात होत होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, काही काळाने मर्यादेत सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कित्येक बार्जी काठाला बांधलेल्या अवस्थेतच गंजल्या किंवा भंगारात गेल्या, आणि त्यांच्यावरची बोलीही विरळ होत गेली.

त्या बोलीतले आणखी काही शब्द आठवत असतील तर स्मरणिकेत अवश्य घ्यावेत. 'सुकाणू' आणि ते धरणारा 'सुखाणी' हे अरबी 'सुक्कान'पासून आले आहेत, 'खलाशी'ही अरबीच. जहाजाचा 'नांगर' मूळचा फारसी 'लंगर'. शेतातल्या संस्कृत वंशाच्या नांगराशी त्याचे रूप जुळले, म्हणजे सारंगाचीच कथा पुन्हा घडली. क्रेनने माल खाली सोडताना दिला जाणारा 'आरिया' हा हुकूम पोर्तुगीज 'आर्रियार', म्हणजे खाली सोडणे, याचा वंशज आहे, आणि वर उचलताना 'हाबेस' म्हणतात.

'कप्तान' लिहू नये. तो शब्द चुकीचे पद सांगतो आणि वडिलांनी ज्या नावाने आयुष्यभर काम केले ते नाव पुसतो. वाचक अडखळेल अशी भीती वाटत असेल तर पहिल्या उल्लेखाच्या वेळी एवढे लिहावे : "ते मांडवीवरच्या बार्जवर सारंग, म्हणजे बार्ज हाकणारे प्रमुख, होते." त्यानंतर सर्वत्र नुसते 'सारंग' पुरेसे आहे.